शेवटची वीतभर कड

टायर चढवताना सगळं भांडण शेवटच्या वीतभर कडेशी होतं. तिथवर कुणाच्याही हातून टायर चढतो. मग कड रिंगच्या काठाला अडून बसते, अंगठे लालबुंद होतात, शेजारी उभा असलेला ‘जोर लाव ना दादा’ म्हणतो आणि कुणीतरी स्क्रूड्रायव्हर पुढे करतो. माझ्या दुकानात स्क्रूड्रायव्हरला टायरच्या आसपास फिरकायची परवानगी नाही. आणि जोराचं म्हणाल, तर अडलेल्या टायरशी त्याचा फारसा संबंधच नसतो. अडचण दिसते हातापाशी, पण असते चाकाच्या पलीकडच्या बाजूला. एवढं कळलं की निम्मा घाम वाचतो.

माझं दुकान अथालला. हे सिल्वासा-नरोली रस्त्यावरचं, दमणगंगेकाठचं गाव. आजूबाजूला कारखाने. शिफ्टला जाणाऱ्यांच्या सायकली हे आमचं रोजचं काम: पंक्चर, ब्रेकची रबरं, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं. गिऱ्हाईक मराठीत बोलतं, गुजरातीत भाव करतं आणि हिंदीत भांडतं. अलीकडे त्यात बारीक टायरच्या, शर्यतीच्या सायकली येऊ लागल्या. वापी-सिल्वाशाचे डॉक्टर, इंजिनियर, कॉलेजची पोरं रविवारी उजाडायच्या आत खानवेलकडे, जमलं तर पुढे दुधनीच्या चढावर निघतात. सायकल लाखाच्या पुढची. रस्ता मात्र तोच, ट्रकांचा. फुटलेल्या ट्रकच्या टायरांतून सुटलेल्या बारीक तारा कडेला पडलेल्या असतात. त्यातली एखादी टायरमध्ये शिरली तर बाहेरून दिसत नाही, आतून बोटाला लागते. ती न काढता नुसती ट्यूब बदलली, की थोड्याच वेळात हवा पुन्हा गेलेली. म्हणजे या सायकलींचा टायर वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा उतरवावा लागतो, आणि नेमका याच सायकलींचा टायर उतरता उतरत नाही.

घरोघरच्या काळ्या सायकलीला हा त्रास नव्हता. तिच्या २८ इंची टायरची बैठक, म्हणजे कड रिंगवर जिथे टेकते ती जागा, ६३५ मिलिमीटर व्यासाची, आणि तो बहुधा नुसत्या बोटांनी चढतो. शर्यतीच्या चाकाची बैठक ६२२ मिलिमीटर. गोंधळ असा, की काही कंपन्या या ६२२ वाल्या टायरवरही ‘२८’ छापतात, आणि माणूस बाजारातून भलताच टायर घेऊन येतो. टायरच्या अंगावर २५-६२२ असा बारीक आकडा असतो, तेवढाच खरा मानावा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा बैठकीचा.

टायरच्या दोन्ही कडांमध्ये तार असते. साध्या टायरमध्ये पोलादाची, घडी होणाऱ्या टायरमध्ये केव्हलरसारख्या धाग्याची. ती ताणली जात नाही. ताणली जाऊ नये म्हणूनच ती तिथे घातलेली असते. बैठक ६२२ ची आणि रिंगच्या काठाचा व्यास त्याहून साधारण दहा-अकरा मिलिमीटर जास्त. मग ही न ताणली जाणारी तार मोठ्या काठावरून आत जाते कशी? त्यासाठी रिंगच्या मधोमध एक पन्हळ असते. कड पलीकडच्या बाजूला त्या पन्हळीत उतरली, की अलीकडे तेवढी ढील मिळते. १८९० साली इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी तारेच्या कडेचा टायर आणि त्याला साजेशी रिंग यांचं पेटंट घेतलं. तेव्हापासून आजच्या कार्बनच्या चाकापर्यंत युक्ती तीच आहे. कासार बांगडी भरताना बांगडी ताणत नाही, हात दाबून अंगठा आत मिटवतो. टायरचंही तसंच. तारेशी झगडू नये, रिंग लहान करावी. आणि रिंग लहान होते ती फक्त पन्हळीत.

शर्यतीच्या चाकांवर ही ढील मुळातच कमी ठेवलेली असते, आणि त्यात कंपन्यांची लबाडी नाही. ट्यूबलेस टायरची कड रिंगला चिकटून हवा धरते, तेव्हा ती सैल असून चालत नाही. बैठकीच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटाही असतो, कड घसरून पन्हळीत पडू नये म्हणून. त्यावर आता काठाला आत वळलेली आकडी नसलेल्या रिंगा आल्यात. त्यांना ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही, असा नियमच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये थॉमस दे गेंट या बेल्जियन स्वाराचा टायर अशाच रिंगवरून निसटला, तो पडला, आणि या रिंगांवरून जगभर वाद पेटला. घट्ट टायर म्हणून शिव्या देणाऱ्यांनी सैल टायर वेगात काय करतो, तेही बघावं. मला स्वतःला चढवायला जरा भांडणारा टायर आवडतो. फक्त ते भांडण हातांनी मिटणारं असावं.

कितीदा तरी दोष टायरचा नसतोच. वापीहून एक जण चाक घेऊन आले. दोन दुकानांत टायर चढला नव्हता, टायर उचकटायच्या लिव्हर मोडल्या होत्या, रिंगच्या काठावर ओरखडे. मी टायर बाजूला ठेवला आणि रिंगच्या पन्हळीवर चिकटवलेली रिमटेप सोलायला घेतली. एकावर एक, जाड कापडी टेपचे थर. पन्हळ भरून सपाट झालेली! टेपने अर्धा मिलिमीटर उंची वाढली तर पन्हळीचा घेर तीन मिलिमीटरहून जास्त वाढतो, आणि शेवटच्या वीतभरात तीन मिलिमीटर म्हणजे सगळं काही. पातळ प्लॅस्टिकची टेप ताणून एकच वेढा दिला, तोच टायर अंगठ्यांनी आत गेला. साहेब बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पैसे कशाचे घेणार तुम्ही, टेपचे की टायरचे?’ मी टेपचे घेतले.

आता हात कसे चालवायचे ते सांगतो. नवा घडीचा टायर डब्यातून काढून थोडा वेळ उन्हात टाकावा. तार वाढत नाही, पण रबर मऊ होतं आणि टायर आकारात येतो. एक बाजू रिंगवर चढवून घ्यावी. ट्यूबमध्ये फुंकरभर हवा, तिला गोलाई येण्यापुरतीच, आणि ती टायरच्या आत बसवावी. मग चाक पायांशी उभं धरायचं, व्हॉल्व्ह खाली. सुरुवात वरून, व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून. पुष्कळ जण उलटं करतात: व्हॉल्व्हपाशी सुरू करतात आणि समोर अडकतात. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब जाड असते, त्यामुळे तिथे कड पन्हळीत उतरूच शकत नाही. म्हणून तिथे शेवट करायचा, सुरुवात नाही.

वरून दोन्ही हातांनी कड आत ढकलत, टायर खाली ओढत, दोन्ही बाजूंनी सारखं यायचं. वीतभर उरली आणि टायर अडला, की थांबायचं. आहे ती हवा सोडून द्यायची. पुन्हा वर जाऊन दोन्ही बाजूंनी टायर चिमटीत धरून दाबायचा, म्हणजे दोन्ही कडा मधल्या पन्हळीत पडतात. तसंच दाबत दाबत, ढील गोळा करत पुन्हा खाली. दुसऱ्या फेरीला वीतभराची चार बोटं होतात. जिंकलेली जागा परत जाऊ नये म्हणून मी दोन्ही टोकांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या रिंगला करकचून बांधतो. उरलेल्या कडेला साबणाच्या पाण्याचं बोट. तेल किंवा ग्रीस कधीच नाही, ते रबर खातं. मग चाक उलटं करून पोटाशी धरायचं आणि तळहाताच्या उंचवट्याने कड वर लोटायची. मधोमध नव्हे, एका टोकाकडून, थोडी थोडी. टायर काठावरून आत पडतो तेव्हा हाताला आधी कळतं, कानाला नंतर. लगेच व्हॉल्व्ह आत टायरकडे दाबून परत ओढायचा, त्याच्या बुडाशी ट्यूब कडेखाली चिमटली असेल तर सुटते. अर्धी हवा भरून टायरच्या दोन्ही बाजूंवरची बारीक रेघ रिंगपासून सगळीकडे सारखी आहे का, ते चाक फिरवून बघायचं. जिथे रेघ बुडाली असेल तिथे कड बसलेली नाही.

लिव्हर मी चढवताना शक्यतो वापरत नाही. वापरलीच तर प्लॅस्टिकची, आणि एका वेळी दोन बोटांच्या रुंदीपेक्षा जास्त कड उचलत नाही. पोलादी लिव्हर कार्बनच्या रिंगला लावणाऱ्याला मी चाक परत देतो, कामाला हात लावत नाही. उतरवतानाही हिशेब तोच: आधी सगळ्या घेरावर दोन्ही कडा अंगठ्यांनी दाबून बैठकीवरून सोडवायच्या, पन्हळीत पाडायच्या, आणि लिव्हर व्हॉल्व्हजवळ घालायची. लोक हे न करता कुठेही लिव्हर घुसवतात आणि मग टायरला दोष देतात.

मोठ्या शर्यतीतला स्वार टायर बदलत नाही, चाक बदलतो. मागे गाडी असते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तीही मागे मदतीची गाडी घेऊन. त्या शर्यतीत ती लागतेच. आपल्याकडच्या बहुतेकांची गोष्ट वेगळी. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब राइड, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, आणि कंट्रोल, म्हणजे तपासणीचे थांबे, सोडून वाटेत बाहेरची मदत घ्यायची नाही. तिथे हायवेच्या कडेला, मोबाइलच्या उजेडात, चाक आणि तुम्ही. सुट्या टायरचा जन्मच अशा वाटेवरच्या अडचणीतून झाला. सुरुवातीला डनलॉपचा हवेचा टायर रिंगला चिकटवलेला असे, दुरुस्तीला तास जायचे आणि वर डिंक सुकायची वाट. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेरों मिशेलिनच्या काढता येणाऱ्या टायरवर जवळपास १२०० किलोमीटर धावून जिंकला, आणि त्या टायरची वाहवा झाली. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपण पुन्हा काढता न येणारे टायर कौतुकाने विकत घेतोय.

म्हणून माझ्याकडे नवा टायर बसवून घेणाऱ्याला मी तो लगेच घरी नेऊ देत नाही. स्टुलावर बसायचं, माझ्यासमोर स्वतःच्या हाताने उतरवायचा आणि परत चढवायचा. काहींना राग येतो, एक-दोघे परत आलेच नाहीत. पण तुम्ही दुकानात आला नाहीत तरी एवढं करा: पाऊस संपून लांबच्या राइड सुरू होण्याआधी, एका संध्याकाळी घरी, दोन प्लॅस्टिकच्या लिव्हर आणि हातपंप एवढ्यावरच मागचा टायर काढून चढवून बघा. नाही जमला, तर आधी रिमटेप बदला. तरी नाही जमला, तर तो टायर कितीही वेगवान असो, विकून टाका.