बाकी दोनशे

गोष्ट दोनशे रुपयांची आहे आणि 2018 ची आहे. तरी दर जुलैत ती आठवते आणि मी कोणाशी तरी उगाच भांडतो.

तेव्हा मी एका सफाईच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. मिल बंद पडली, त्या जागेवर मॉल आला, माझं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. नागपुरात हे घरोघरचं आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. इमारत मोठी होती, नाव सांगत नाही. झाडू-पोछा करणाऱ्या बावीस मावश्या, बहुतेक इंदोरा, पारडी, वाठोड्याकडच्या. सकाळी साडेसहाला हजेरी.

पगार कायद्याप्रमाणे, अगदी काटेकोर. मूळ वेतन, विशेष भत्ता, त्यातून पीएफ आणि ईएसआयसी कापून आठ हजार सहाशेच्या आसपास थेट खात्यात. इमारतीचे साहेब बँकेचं स्टेटमेंट पाहत आणि बिल पास करत. त्यानंतर दोन-तीन दिवसांत प्रत्येकीनं बर्डीतल्या एटीएममधून अडीच हजार काढून माझ्या हाती द्यायचे. मी शंभर पानी वहीत नावापुढे रक्कम लिहायचो आणि टिक मारायचो. पाचजणींना मशीन जमत नव्हतं. त्यांची कार्डं माझ्याच पाकिटात असत आणि पाचही पिन मला पाठ होते. बावीस जणींचे पंचावन्न हजार, वर माझे स्वतःचे हजार, रबर लावून संध्याकाळी ठेकेदाराच्या घरी. याला सगळे ‘वापसी’ म्हणायचे. चोरी हा शब्द मी तरी कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला जुलैचा पगार जमा झाला. इंदोऱ्याची एक मावशी फोन घेऊन आली. कव्हरच्या आत बाबासाहेबांचा फोटो खोचलेला.

“भाऊ, यावेळी दोनशे जास्त आले.”

“भत्ता वाढला मावशी. महागाईचा. जानेवारी-जुलैत बदलते तो.”

तिनं लगेच बाकीच्यांना सांगितलं. दुपारच्या डब्यांच्या वेळी मोठा आनंद होता. दोनशेचं तेल आणायचं की पोराची वही, यावर चर्चा. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला, “यावेळी सत्तावीसशे घेजो सगळ्यांकडून.”

मी जाऊन तसंच सांगितलं. कोणी काही बोललं नाही. एकीनं डब्याचं झाकण लावलं. मग ती मावशी म्हणाली, “म्हंजे महागाई आमच्या घरी वाढली का त्याच्या?”

मला हसू आलं, खरंच आलं. तिला नाही आलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाचशेच्या पाच नोटा माझ्यासमोर मोजल्या आणि पर्स बंद केली. “वरचे दोनशे नाई देत.”

“देऊन टाका ना मावशी. दोनशेसाठी काऊन लोचा करता?”

हे वाक्य माझं आहे. ठेकेदाराचं नाही.

अडीच हजारांचं मला तेवढं लागत नाही, हे कबूल करतो. ते कामावर येतानाच सांगितलेलं होतं. चुकीचं, पण ठरलेलं. भत्त्याचं तसं नव्हतं. तो किमतींच्या निर्देशांकाला बांधलेला असतो. तेल, डाळ, रॉकेल किती महागलं हे मोजून सरकार म्हणतं, या बाईला आता एवढे जास्त लागतील. म्हणजे कुठल्या तरी कार्यालयात बसून कोणी तरी तिच्या चुलीचा हिशेब केला आणि त्या हिशेबातून निघालेला आकडा जसाच्या तसा उचलून या माणसानं आपल्या खिशात घातला. दीडशे नाही, अडीचशे नाही. बरोबर तेवढेच. तिच्या फोनवर वाढ दिसली नसती तर ती कधी झाली हेही तिला कळलं नसतं.

सप्टेंबरपासून तिला कमी केलं. तो निरोपही मीच दिला.

ती ओळखीच्या एका वकिलाकडे गेली. त्यानं पासबुक पाहिलं आणि म्हणाला, बाई, यात तर पूर्ण पगार जमा दिसते, हेच तुमच्या विरोधात जाईल. परत दिलेल्या पैशाचा कुठे काही कागद आहे का? होता. माझी वही. ती माझ्या घरी दोनदा आली. पहिल्यांदा बायकोनं चहा दिला आणि मी सांगितलं की वही ठेकेदाराकडे असते. वही कपाटावर सुटकेसखाली होती. दुसऱ्यांदा मी घरी असून नाही म्हणायला लावलं. तेव्हा किमान वेतनाचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागे. मी महिने मोजले आणि मुदत उलटली त्या रात्री चांगली झोप लागली.

नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. त्यात दाव्याला तीन वर्षं आहेत आणि पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मालक आनंदानं सिद्ध करेल, बँकेचं स्टेटमेंट दाखवून. म्हणून माझ्या ओळखीतल्या बायांना सांगतो, वापसी द्यावीच लागली तर रोख देऊ नका, फोनवरून पाठवा. मागे नाव राहते.

चहाच्या टपरीवर लोक म्हणतात, असल्या कायद्याचा काय उपयोग. मीही म्हणायचो. आता वाटतं, कायद्यात आकडाच नसता तर ठेकेदारानं सरळ सहा हजार टिकवले असते, आणि त्यात चूक काय हे कोणाला दाखवता आलं नसतं. वहीची गरजच पडली नसती. आकडा होता म्हणून त्याला चोरावा लागला. 1983 मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवून घेणं म्हणजे वेठच. आणि किमान वेतन कायद्याचं विधेयक 1946 मध्ये आलं तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं बाबासाहेबांकडे होतं. कायदा झाला 1948 साली. मला हे फार उशिरा कळलं. तिला कदाचित माहीत असेल.

1957 च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं होतं की वेतन धरताना कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड धरावं. सहावारी साडीच्या हिशेबानं बारा साड्या, त्यातच नवरा आणि पोरांचे कपडे. आमच्या मावश्या ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नात मिळालेली साडी दोन वर्षं कामावर नेसत.

हो, साड्या त्यानं दिल्या होत्या. माणूस राक्षस नव्हता. टेंडरमध्ये मजुरीचा आकडा कायद्यानं पक्का असतो, स्पर्धा फक्त सेवाशुल्कात. यानं ते जवळजवळ शून्य भरलं होतं. शून्यावर कोणाचा धंदा चालत नाही हे बिल पास करणाऱ्या साहेबांना कळत नसेल? ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं द्यावी, असं तेव्हाचा 1970 चा कंत्राटी कामगार कायदा सांगायचा. म्हणजे खरा राग त्या इमारतीवर काढायला पाहिजे. असं मी ठरवतो, आणि मग पुन्हा आठवतं की अडीच हजार मिळतच होते. वरचे दोनशे तो सोडू शकला असता. मीही सत्तावीसशेचा निरोप गिळू शकलो असतो, एक महिना तरी.

वही अजून आहे, वीजबिलांच्या पिशवीत. जुलैच्या पानावर एकवीस नावांपुढे टिक आहे. तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात, लाल पेननं, लिहिलेलं आहे: बाकी 200.