खिमा, कैमा आणि पाकिटावरचा त्रिकोण

आपण मराठीत खिमा म्हणतो, बेंगळुरूकडची कन्नड माणसं कैमा म्हणतात. शब्द मूळचा तुर्की, बारीक चिरण्याचा. फारसीच्या वाटेने इकडे आला. माझ्या माहेरी निपाणीला यातला एकही शब्द घरात उच्चारला जात नसे. लिंगायत घर, घरात कन्नड, दारात मराठी. लग्न होऊन सौंसरला आले तेव्हा खिमा शिजताना पहिल्यांदा बघितला. पुढे शिजवू लागले, खाऊही लागले. (पहिल्या घासाची हकिकत पुन्हा कधीतरी.)

सौंसर कुठे आलं, असं निपाणीची माणसं अजून विचारतात. मध्य प्रदेशात, पण नागपूरच्या शेजारी. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं, त्याआधी आम्ही छिंदवाड्यात होतो. संत्र्याचा मुलूख. पाट्या हिंदीत, बोलणं मराठीत. घरात एक भाषा आणि दारात दुसरी, ही सवय मला नव्याने लावून घ्यावी लागली नाही.

खिमा कसा घ्यायचा ते सासूबाईंनी शिकवलं. आयता ढीग घ्यायचा नाही. आधी मांडीचा तुकडा बघायचा, पसंत पडला की वरचा पापुद्रा काढायला सांगायचा, थोडी चरबी राहू द्यायची, आणि ओंडक्यावर सत्तूर चालू असेपर्यंत समोरून हलायचं नाही. अख्ख्या मांसाचा ताजेपणा डोळ्यांना कळतो, खिम्याचा कळत नाही. शिवाय तुकड्यावरचे जंतू बहुतेक बाहेरच्या अंगाला असतात. खिमा केला की तेच आतबाहेर मिसळतात. म्हणून तो त्याच दिवशी शिजवावा आणि आत कुठेही गुलाबी राहू देऊ नये. कढईत आधी पाणी घालायचं नाही, त्याला स्वतःचं सुटतं. ते आटेपर्यंत उलथन्याने गोळे फोडत राहायचं. मग भाजून वाटलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस. मी वर निपाणीहून आलेला कांदा-लसूण मसाला घालते; सासूबाई नाक मुरडायच्या आणि दोनदा वाढून घ्यायच्या. सोबत ज्वारीची भाकरी, म्हणजे आपली जोळद रोट्टी.

त्यांच्या लहानपणी मटण पळसाच्या पानात बांधून मिळे. मी आले तेव्हा वर्तमानपत्राचा कागद आणि काळी पातळ पिशवी होती. छापील कागदात अन्न बांधू नका, शाई उतरते, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये बजावलं. 2022 च्या अखेरीपासून 120 मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक पिशव्यांवरही बंदी आहे. 2023 च्या डिसेंबरात मध्य प्रदेश सरकारने उघड्यावरच्या मांसविक्रीवर बडगा उचलला, तेव्हा आमच्या नेहमीच्या दुकानाला काचेचं दार लागलं. मी स्टीलचा डबा नेते.

मुलगी मात्र नागपूरच्या सुपरमार्केटमधून पाकिटं आणते. हवा काढून दाबलेला खिमा जांभळट-काळपट दिसतो म्हणून मी पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या. तो शिळा नसतो. पाकीट फोडून हवा लागली की थोड्या वेळाने लाल होतो. पण दाबून दाबून त्याचा लगदा होतो हे खरंच. ही कुरकुर आपल्याकडचीच नाही. ब्रिटनमध्ये सेन्सबरीने 2023 मध्ये खिम्याचे ट्रे बंद करून अशीच दाबलेली पाकिटं आणली. निम्म्याहून जास्त प्लास्टिक वाचतं, असं कंपनीचं म्हणणं. गिऱ्हाईक म्हणालं, हा खिमा नव्हे, चिखल.

माझ्या घरी पाकिटाचा प्रश्न वेगळाच आहे. हिवाळ्यात अव्वा निपाणीहून दोन महिने राहायला येते. ती आजही शाकाहारी. तिच्यासाठी सोयाचा खिमा, आमच्यासाठी मटणाचा, दोन्ही पाकिटं एकाच फ्रीजरमध्ये, दोन्हींवर वाटीभर तयार भाजीचं सारखंच चित्र. शाकाहाराला हिरवा ठिपका आणि मांसाहाराला तपकिरी, ही खूण 2000-01 च्या सुमारास आली. पण मोतीबिंदू वाढलेल्या डोळ्यांना हिरवं काय आणि तपकिरी काय! अव्वा पाकीट दिव्याकडे धरायची आणि मला विचारायची, "इदु नम्दा, निम्दा?" हे आमचं की तुमचं?

तिने रागाने कधी विचारलं नाही. पण लेकीच्या स्वयंपाकघरात उभं राहून आईने 'आमचं-तुमचं' म्हणावं, हे ज्या घरात घडलं असेल त्यांनाच कळेल.

मग 2020 च्या लेबलच्या नियमांत मांसाहाराच्या चौकटीतला गोल ठिपका जाऊन त्रिकोण आला. रंग ओळखता न येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. सरकारी कागदातली एवढी एकच दुरुस्ती माझ्या घरात थेट उपयोगी पडली असेल! नातीने अव्वाला भिंग आणून दिलं. आता पाकिटावरचं दव पदराने पुसून ती स्वतः बघते आणि मोठ्याने सांगते, "त्रिकोण. निम्दु."

स्टीलच्या डब्याला मात्र ना गोल, ना त्रिकोण. तो खालच्या कप्प्यात डावीकडे असतो. अव्वा त्याला हात लावत नाही, पण रविवारी मी दुकानात जायला निघाले की तो घासून, पुसून दाराशी तीच आणून ठेवते.