सहा कळ्यांचा कागद

माझ्या आईचा सहा कळ्यांचा स्कर्ट ज्या कागदावरून बेतला गेला, तो आता माझ्याकडे आहे. बेळगावात शिवणाच्या वर्गात तिनं तो काढला आणि लग्नानंतर बेंगळुरूला, जालहळ्ळीच्या एचएमटी कॉलनीत आणला. त्यावर तिच्या अक्षरात आहे: कंबर २८, पन्हा ३६. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३पासून मापवार कागदी नमुने विकायला काढले. आपल्याकडे तशी रीत फारशी नव्हती. कपडे बेतण्याच्या झारापकर पद्धतीचं पुस्तक पुढ्यात घेऊन बायका खाकी कागदावर आकृती काढायच्या आणि जावा, शेजारणी ती उतरवून घ्यायच्या.

त्या कागदावरून शिवलेले स्कर्ट मी शाळेत असेपर्यंत घातले. कॉलेजात जीन्स आली, पुढं नोकरी, आणि कागद ट्रंकेत गेला.

यंदा त्यावरून मी स्वतःसाठी स्कर्ट शिवला. माझी कंबर ३४. सहा इंचांचा फरक, सहा कळ्या, म्हणजे दर कळीला एक इंच. तोही दोन्ही कडांना अर्धा-अर्धा. सगळी वाढ एकाच शिवणीत घातली, तर घेर एका अंगाला जातो. बेंगळुरूच्या चिकपेटेतलं कापड ४४ पन्ह्याचं. कळ्या एक सुलटी, एक उलटी मांडल्या आणि आईला लागायचं त्याहून कमी कापडात काम झालं. कळीची मधली रेघ उभ्या धाग्यावर हवी. कडा मात्र उरेब जातात, आणि उरेब कापड लोंबतं. म्हणून स्कर्ट रात्रभर टांगायचा, मग जमिनीपासून मोजून खालची पट्टी दुमडायची. हे कागदावर नाही, आई सांगायची.

याच शहरात पीण्या, म्हैसूर रोड या भागांतल्या कपड्यांच्या कारखान्यांत कितीतरी बायका दिवसभर शिवतात. एकीकडे फक्त चेन, दुसरीकडे फक्त कमरपट्टी. त्यांचा हात माझ्याहून कितीतरी सफाईदार, पण पहिल्या रेघेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत अख्खा कपडा त्यांच्या वाट्याला येत नाही. मला तो येतो, आणि याचं मोल मला फार वाटतं.

तुमच्या घरी असा कागद असेल, तर रद्दीत घालू नका. तो आधी घडीवर फाटतो. वेळीच नव्या खाकी कागदावर उतरवा. त्यावर माप, पन्हा, उभ्या धाग्याची रेघ आणि जिनं तो काढला तिचं नाव लिहा.