गल्ल्यातला कागद

रत्नागिरीच्या बाजारपेठेत धान्याचे जुने दुकान असलेल्या एका कुटुंबातील ही हकीकत. घरातील थोरल्या सूनबाईंना गर्भाशयातील गाठींमुळे, म्हणजे फायब्रॉइडमुळे, वर्षभर अतिरक्तस्राव होत होता. पोट न उघडता उपचार होतो असे कळल्यावर त्यांनी मुंबईस जाऊन तो करून घेतला. जांघेतील धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात, तीतून सूक्ष्म कण सोडतात आणि गाठींचा रक्तपुरवठा तोडतात. पॅरिसमधील डॉ. राविना व सहकाऱ्यांनी या उपचाराचे अनुभव १९९५ मध्ये प्रसिद्ध केले होते. टाका नाही, व्रण नाही. म्हणून आजारही संपला, असे घरच्यांनी गृहीत धरले.

पहिल्या आठवड्यातील कळा व कणकण अपेक्षितच होती, ती ओसरली. अठराव्या दिवशी मात्र ताप परतला, स्रावाला दुर्गंधी येऊ लागली. पर्युषण सुरू होते. सूनबाईंचा तीन उपवासांचा संकल्प होता. त्यांनी कोणाजवळ काही बोलून दाखविले नाही.

संध्याकाळी प्रतिक्रमणास बसताना सासूबाईंचा हात त्यांच्या हाताला लागला.

"सूनबाई, हात पोळतो आहे तुझा."

"उपवासाची उष्णता असेल, आई."

"उपवास मीही केले आहेत. हा ताप आहे. ऊठ. उपवास पुढच्या वर्षीही करता येतील."

तापमापकाने १०२ दाखविले. गावातील स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मुंबईचे कागद कुठे आहेत?" ते दुकानाच्या गल्ल्यात, बिलांखाली सापडले. त्यांवर स्पष्ट लिहिले होते : ताप १००.४ च्या वर गेल्यास, दुर्गंधीयुक्त स्राव झाल्यास किंवा वेदना वाढल्यास त्वरित कळवावे. रोजमेळातील एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत न झोपणाऱ्या यजमानांनी तो कागद एकदाही वाचला नव्हता.

रक्तपुरवठा तुटलेली गाठ मृत होते. अशा मृत पेशींत जंतू फोफावतात. हे कित्येक आठवड्यांनी, क्वचित महिन्यांनीही घडू शकते. नुसत्या तापाच्या गोळीने ताप उतरतो, पण जंतुसंसर्ग आतल्या आत वाढत राहतो. तो रक्तात पसरला तर गर्भाशय काढावे लागते, प्रसंगी जीवही जातो. येथे वेळ हाती होता. मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्याच रात्री शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. सोनोग्राफीत गाठीचा सुटलेला तुकडा गर्भाशयाच्या मुखाशी अडकलेला दिसला. तो खालूनच काढण्यात आला. गर्भाशय वाचले.

संवत्सरीच्या दिवशी सूनबाई रुग्णालयातच होत्या. यजमान सकाळीच तेथे गेले आणि सर्वांत आधी पत्नीपुढे हात जोडून त्यांनी क्षमा मागितली. त्यानंतर महिनाभर, दुकान बंद करण्यापूर्वी, रोजमेळाच्या पानावर शिलकेखाली एक आकडा अधिक लिहिला जात असे : घरातील त्या दिवशीचे तापमान.