खांबाचा पाय

घराच्या दुरुस्तीचा विषय निघाला म्हणजे आपले लक्ष बहुधा रंगाकडे व फरशीकडे जाते. ज्यांच्या खांद्यांवर घर उभे असते त्या खांबांची विचारपूस क्वचितच होते. धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माळवदी वाड्यांत राहणाऱ्या कुटुंबांस ही हयगय फार महागात पडण्याजोगी आहे.

ह्या वाड्यांत दगडी तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या व सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. भोवती मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती. उन्हाळ्यात असे घर थंड राहते हे खरे. परंतु मातीचा थर एक फूट धरला तरी दर चौरस फुटास ४० किलोंहून अधिक भार होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असता, किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे ह्याच दगडमातीखाली गाडली. तथापि भिंती ढासळूनही पुष्कळ घरांतील लाकडी सांगाडा उभा राहिल्याचे पाहणीत आढळून आले.

आमच्या वाड्यात छकडा ठेवण्याची जी पडवी होती, तीत हल्ली मोटार असते. तेथील भिंतीत अर्धवट दडलेल्या खांबास सुताराने गेल्या वैशाखात पटाशी टोचली, तो ती लोण्यात शिरावी तशी आत गेली. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, पाडून सिमेंटचेच बांधू या." मातोश्री म्हणाल्या, "पाडा की नीट करा. पण त्याखाली मुले खेळतात, पावसाळ्यापूर्वी काय ते करा."

सुताराने निवाडा केला: "मालक, खांब वरून खणखणीत आहे, नुसता पाय गेलाय."

कारण शोधता असे दिसले की, फुटक्या पन्हळीचे पाणी भिंतीत मुरत होते आणि वरून केलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे ओल बाहेर पडत नव्हती. लाकडातील ओल शेकडा २० च्या आत राहिली तर कुजविणारी बुरशी त्यात रुजत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती पन्हळीची झाली. मग माळवदावर दरसाल पडत गेलेली जादा माती उतरवून तुळईस दोन्ही बाजूंनी टेकू दिले. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला, वाळलेल्या सागाचा नवा पाय अर्ध्यात अर्धा बसणाऱ्या सांध्याने जोडून लोखंडी बोल्टांनी आवळला व तो उंच दगडावर टेकविला. सिमेंट खरवडून तेथे चुन्याचा गिलावा केला.

तुळईचे टोकच भिंतीत कुजले असेल, तर मात्र असा जोड पुरत नाही; तेथे जाणत्या अभियंत्याचाच सल्ला घ्यावा. परंतु मृगापूर्वी एक दुपार काढून प्रत्येक खांबाचा पाय टोचून पाहण्यास काही खर्च येत नाही. वडिलांनी बांधलेल्या वाड्याचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक घराने एवढे तरी अवश्य करावे.