पुसणे आणि टिपणे

सोलापुरात जन्मलेल्या माणसाला कापडातले कळते, असा सोलापूरबाहेरच्या लोकांचा एक गोड गैरसमज आहे. परगावी गेलो की यजमानीणबाई चादरीचा कोपरा माझ्या हातात देतात आणि "बघा हो, खरी सोलापुरी आहे ना?" असे विचारतात. मीही कोपरा चिमटीत धरतो, डोळे किंचित मिटतो आणि मान डोलावतो. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. माझे हे बिंग फुटले ते आजोळी, बुऱ्हाणपुरात, आणि तेही एका मोटारीपायी.

भुसावळहून निघालेली गाडी रावेरच्या केळीबागा मागे टाकते आणि थोड्याच वेळात मध्य प्रदेशात शिरते. हद्द बदलते, मराठी मात्र तिथे संपत नाही. माझे मामा तिथल्या ताप्ती मिलमध्ये होते. मिल १९०६ सालची. मामा फोल्डिंग खात्यात. म्हणजे तयार झालेले कापड डोळ्यांखालून घालायचे, कुठे धागा सुटला, कुठे डाग पडला ते पाहायचे. २०२० च्या टाळेबंदीत मिलचा खडखडाट थांबला तो थांबलाच. मामा त्याआधी तीन वर्षे निवृत्त झाले होते. जन्मभर सायकलीवर फिरलेल्या या माणसाने २०२३ साली प्रॉव्हिडंट फंडातले राखून ठेवलेले पैसे काढून एक मोटार घेतली. जुनीच, पण निगुतीने वापरलेली, गडद निळ्या रंगाची. कारण एकच होते. मुलीची पाठवणी भाड्याच्या गाडीतून करायची नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती गाडी धुण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. मे महिना, दुपारचे बारा, अंगण तापलेले. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि पाहतो तो ऊन पाणी पिऊन टाकते आहे आणि जागोजागी पांढरे ठिपके उमटताहेत. तिथले पाणी जड. कुंडी भंडाऱ्याच्या मोगलकालीन बोगद्यांत उतरून पाहिले, तर भिंतींवर चुन्याचे थर चढलेले दिसतात. तोच चुना आता मामांच्या बॉनेटवर बसू पाहत होता. कापड हवे, आणि लगेच हवे!

मी मामांचे कपाट उघडले. तळाशी मिलचे एक कोरे, तलम कापड घडी करून ठेवलेले होते. मला वाटले, यापेक्षा उत्तम काय असणार? सतराव्या शतकात तावर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी या गावातून गेला, त्याने इथल्या तलम कापडाबद्दल लिहून ठेवले आहे. ते इराणला, तुर्कस्तानला, पोलंडला, थेट कैरोपर्यंत जात असे. कैरोला चालते ते बॉनेटला न चालायला काय झाले?

पण ते कापड पाणी पिईना. नुसते इकडचे तिकडे ढकलू लागले. मग मी जोर लावला. गोल गोल, चांगला घासून घासून अर्धा तास पुसला. गाडी कोरडी झाली. मी दोन पावले मागे सरकलो आणि पोटात खड्डा पडला. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकत होते.

मामा बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या कापडाकडे. वाकून बॉनेटवर तिरका डोळा लावला, जसा मिलमध्ये कापडाला लावत असतील तसाच. मी म्हणालो, "मामा, चुकलो." ते काहीच बोलले नाहीत. हे न बोलणे मला फार लागले. रागावले असते तर बरे झाले असते.

रात्री मंडपातली माणसे पांगल्यावर त्यांनी मला हाक मारली. "भाचेबुवा, इकडे या." हातात तेच कापड आणि एक जुनी, न वाजणारी सीडी होती. म्हणाले, "कोरे कापड आहे हे. विणताना ताण्याला कांजी असते, कापसाचे स्वतःचे मेण असते. उकळून धुतल्याशिवाय ते पाणी कसे पिणार? आणि हे विणलेलेही दाट. यात धुळीच्या कणाला शिरायला जागाच नाही. कण मधेच राहतो आणि तुम्ही तोच रंगावर फिरवता."

मग आईने पाठवलेला सोलापुरी टर्किश टॉवेल त्यांनी आणला. खूप धुतलेला, मऊ पडलेला. "हा तुमच्या गावचा. याला ताणे दोन असतात, एक ताठ, एक सैल. सैल ताण्याचे वेटोळे वर उभे राहतात. कण त्या वेटोळ्यांत खाली जातो, रंगापासून लांब." त्यांनी टॉवेलचा मधला भाग सीडीच्या चकचकीत बाजूवर घासला. फारसे काही दिसले नाही. मग टॉवेलची दुमडून शिवलेली कड घासली. सरळ रेघ! "शिलाईचा धागा. आणि हे लेबल आधी कापून टाकायचे."

शेवटी त्यांनी खिशातून एक पिवळे फडके काढले. बाजारातून संध्याकाळीच आणले असावे. मायक्रोफायबर. त्यात कापसाचा एक तंतू नाही; सगळे पॉलिस्टर आणि नायलॉन, तंतू केसाहून कितीतरी बारीक चिरलेले. त्या चिरांत पाणी आपोआप ओढले जाते. सीडीवर घासले, रेघ नाही. "आपल्या कापसापेक्षा हे सरस आहे," मामा म्हणाले. सुतावर जन्म काढलेल्या माणसाने हे किती सरळपणे सांगितले! मग थोडे थांबून म्हणाले, "पण एकदा जमिनीवर पडले की हेही गेले. मातीचे कण धरून ठेवते, धुतले तरी भरवसा नाही."

"आता ओरखडे काढता येतील?" मी विचारले. पॉलिश करणारा ते काढतो म्हणजे वरचा पारदर्शक थर घासून आणखी पातळ करतो, आणि तो मुळातच केसाएवढाही जाड नसतो. मामांनी नको म्हटले. "गाडी उद्या रात्री निघायची आहे. रात्री कोण बघतो?"

पहाटे ऊन यायच्या आत आम्ही दोघांनी मिळून गाडी पुन्हा धुतली. टॉवेल पसरून ठेवायचा, वरून हाताने दाबायचा, उचलायचा. ओढायचा नाही. शाळेत टिपकागद दाबायचो तसे. उरलेले थेंब पिवळ्या फडक्याने. "पुसू नका हो, टिपा," हे मामा मला दहादा तरी म्हणाले असतील. सजावटीवाला चिकटपट्टी घेऊन आला, त्याला मात्र त्यांनी फाटकातूनच परत पाठवले. झेंडूच्या माळा नुसत्या सुतळीने बांधल्या.

पाठवणीच्या वेळी मामी रडत होत्या, मामेबहीण रडत होती. मामा काचेवर पडलेले थेंब त्या पिवळ्या फडक्याने टिपत उभे होते. गाडी सुरू झाली तरी टिपतच होते. शेवटी मीच त्यांच्या हातातून फडके घेतले.

ते ओरखडे अजून आहेत. दिवाळीत गेलो की मी गाडी धुतो, मामा खुर्ची टाकून समोर बसतात. फडक्याच्या कोपऱ्याला त्यांनी लाल दोऱ्याचा एक टाका घातला आहे, म्हणजे मामी ते स्वयंपाकघरात नेणार नाहीत. तो कोपरा गाडीला लावायचा नाही, हेही दर वेळी सांगतात.