डोंगराचं अंतर कुठून मोजायचं?

ओळंबा खोटं बोलत नाही, असं आमचे आबा म्हणतात. आबा गवंडी. कोगनोळीत आणि दूधगंगेपलीकडे कागलात त्यांनी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. हातातली थापी सुटली, पण ओळंबा अजून सोप्यातल्या खुंटीला आहे.

मी पडलो भूगोलाचा एम. ए. दरवर्षी बी. ए.च्या वर्गात पृथ्वीच्या कवचाचा समतोल, म्हणजे आयसोस्टसी, शिकवताना मी सांगतो, की ओळंबासुद्धा फसतो. शेजारी मोठा डोंगर असला, की तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. तीन-चार वर्षांपूर्वी असंच सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, वस्तू लांब गेली की ओढ अंतराच्या वर्गानं कमी होते म्हणालात. मग डोंगराचं अंतर कुठून मोजायचं? पायथ्यापासून की शेंड्यापासून?"

"मधोमधून," मी ठोकून दिलं. "आणि हे सिलॅबसमध्ये नाही. बस खाली." पोरं हसली. ती बसली, आणि तासभर वहीतून तिनं मान वर काढली नाही.

घरी आलो तरी प्रश्न सुटेना. परड्यात ऊस पडला होता. दोन मीटरचा एक घेऊन सोप्यात आडवा ठेवला आणि टोकापासून एक मीटरवर ओळंब्याचा गोळा ठेवला. सगळा ऊस एका ठिपक्यात गोळा होऊन एक मीटरवर असता, तर त्याची ओढ १ धरू. माझ्या उत्तराप्रमाणे तो मधोमध, म्हणजे दोन मीटरवर धरला, तर ओढ ०.२५. मग उसाची दोन सारखी कांडी केली. एकाचा मध्य दीड मीटरवर, दुसऱ्याचा अडीच मीटरवर. दोघांची बेरीज ०.३०. चार कांडी केली, ०.३२. आकडा वाढतच चालला! दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांना विचारलं. त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, की कितीही बारीक कांडी केली तरी बेरीज एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही. म्हणजे माझं उत्तर खऱ्याच्या पाऊणपटच होतं.

आई चिकोडीकडची. उसाचे तुकडे बघून आधी चिडली, मग कारण ऐकून म्हणाली, "हत्तिर इद्दद्दु जास्ती." जवळचं जास्त, एवढंच. जवळची कांडी जेवढी जास्त ओढते, तेवढी लांबची कमी ओढत नाही, म्हणून मधोमधचं अंतर चालत नाही. सगळीकडून सारखा गोल गोळा असला, तर मात्र बाहेरच्या वस्तूसाठी मध्यच धरायचा. हे न्यूटननं सिद्ध केलं आहे. पृथ्वी जवळजवळ गोल म्हणून आपलं निभतं. डोंगर कुठला गोल असायला?

वर्गात जाऊन आधी कबूल केलं, की काल माझं चुकलं आणि हिचा प्रश्न बरोबर होता. घसा जरा कोरडा पडला होता. मग हिमालयाची गोष्ट सांगितली. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं काम १८०२ साली मद्रासकडून सुरू झालं. ते सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली वर्ध्याकडच्या हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात हिमालयाजवळचं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर या ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं. ताऱ्यांवरून, आणि जमिनीवर त्रिकोण जोडून. दोन्ही जुळेनात. फरक ५.२३६ सेकंदांचा. एका अंशाचे ३६०० भाग केले की एक सेकंद. जमिनीवर हा फरक १६० मीटरच्या आसपास जातो.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाची ओढ मोजायला घेतली. त्यांनी हिमालय एका ठिपक्यात कोंबला नाही. ठाण्याभोवती वर्तुळं आणि रेषा आखून कोळ्याच्या जाळ्यासारखे कप्पे पाडले, प्रत्येकाच्या उंचीवरून त्याची ओढ काढली आणि सगळ्यांची बेरीज केली. कागद-पेन्सिलीवर! उत्तर आलं १५.८८५ सेकंद. प्रत्यक्षातल्या तिप्पट.

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे त्यांचंपण चुकलं?"

या वेळी मी तिला खाली बसवलं नाही. बेरीज चुकली नव्हती, पण डोंगराखाली काय आहे हे कुणी धरलंच नव्हतं. १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी सुचवलं, की डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं असावं, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखं. तिथला जड थर हटलेला, म्हणून ओढ कमी. खुद्द प्रॅटनी नंतर वेगळं कारण मांडलं. दोन्ही आजही सिलॅबसमध्ये आहेत.

घरी आबांना सांगितलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "आरं, एवढ्या उंचाला पाया नको व्हय?"

आठवड्यानं तिनं एक कागद आणून दिला. उसाची आठ कांडी केली होती. बेरीज ०.३३१. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "सर, ऊस बुडख्याकडे जाड असतो, ते धरलेलं नाही."